आठवा शनिवार

संघटनेच्या वर्गाला आठ शनिवार असत. सात खोलीत आणि आठवा बाहेर. आठव्या शनिवारी बाई पायांत कॅनव्हासचे बूट घालून यायच्या आणि ते बूट दिसले की नवे विद्यार्थी आपापले नकाशे पुन्हा तपासायला लागायचे.

खोली छापखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. खाली यंत्र चालू असलं की टेबलं थरथरायची आणि टेबल थरथरलं की स्टिरिओस्कोपखालचे डोंगर हलायचे. म्हणून वर्ग शनिवारी दुपारी, छापखाना बंद झाल्यावर भरायचा. स्टिरिओस्कोप म्हणजे चार पायांवर उभी असलेली दोन भिंगं. त्याखाली एकाच जागेचे, विमानातून घेतलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे आणि दोन्ही डोळ्यांनी बघायचं. आधी काही दिसत नाही. डोळे दुखतात, माणूस वैतागतो. आणि मग एकदम सपाट कागदातून टेकडी वर येते. ती पहिल्यांदा वर आली की चांगले पिकल्या केसांचे इंजिनियरसुद्धा "अरेच्चा!" करून ओरडायचे. बाईंनी बावीस वर्षांत ते शेकडो वेळा ऐकलं होतं आणि त्यांना त्याचा कधी कंटाळा आला नव्हता.

हवाई फोटो आणि उपग्रहचित्रं वाचून नकाशे करणाऱ्यांची ती संघटना. सभासद थोडे, पण मान मोठा. कॉलेजात या विषयाचं एकच प्रकरण असे आणि तेही परीक्षेला येत नसे. त्यामुळे धरण बांधणारं खातं असो की जंगल मोजणारं, माणूस नेमताना साहेब आधी विचारायचे, "संघटनेचं सर्टिफिकेट आहे?" ते असलं की पुढचं काही विचारत नसत.

बाई मोजणी खात्यात नोकरीला होत्या. आठवडाभर फोटो वाचायच्या आणि शनिवारी ते वाचायला शिकवायच्या. त्यांचा नियम एकच होता. फोटोत जे ओळखलंत त्याच्यावर जाऊन उभं राहायचं. एकानं फोटोतल्या चकचकीत चौकोनाला "तळं" असं लिहून दिलं होतं. आठव्या शनिवारी सगळी वरात तिथे पोचली तर ते कोंबड्यांच्या खुराड्याचं पत्र्याचं छप्पर निघालं. "जा, पोहून ये," बाई म्हणाल्या होत्या. तो गृहस्थ पुढे मोठा अधिकारी झाला, पण लोक त्याला शेवटपर्यंत कोंबडीच म्हणत राहिले.

त्या काळातला सगळ्यांत हुशार विद्यार्थी म्हणजे पेन्सिल. उंच, काटकुळा आणि कानावर कायम टोक केलेली पेन्सिल, म्हणून ते नाव. एका खाजगी कचेरीत रेषा मारायचं काम करत होता. बाईंनी त्याला हाताला धरून वर आणलं. संघटनेत घेतलं, समितीवर बसवलं, परिषदेत निबंध वाचायला पाठवलं. बोलायला गोड, कामाला वाघ. पंधरा वर्षांत तो संघटनेचा अध्यक्ष झाला, तेव्हा बाईंनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यानं वर्ग बंद करून अभ्यासक्रम इंटरनेटवर नेण्याचा ठराव आणला. दहा धडे, शेवटी पन्नास प्रश्न, घरबसल्या सर्टिफिकेट.

"बाई, सातशे अर्ज पडून आहेत," तो बैठकीत म्हणाला. "आपण वर्षाला चाळीस माणसं तयार करतो. खात्यांना हजारो हवीत. आपण नाही दिली तर दुसरं कुणीतरी देईल, आणि मग संघटनेला विचारतो कोण?"

"इंटरनेटवर ने. माझी ना नाही. पण आठवा शनिवार ठेव."

"सातशे माणसांना बाहेर कोण नेणार? तुम्ही?" तो हसून म्हणाला. "तुमचे गुडघे आम्हाला हवेत अजून. आणि आता गरजच काय, सांगा ना? चित्रं इतकी स्पष्ट येतात की घरावरची टाकी मोजता येते."

"टाकी मोजता येते. टाकीत पाणी आहे का, ते कळतं?"

सगळे मनापासून हसले. मग हात वर झाले. ठरावाच्या बाजूनं अकरा, विरुद्ध एक.

बाईंनी त्याच दिवशी शिक्षण समितीचं प्रमुखपद सोडायला हवं होतं. हे त्यांना पुढे कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण आपण गेलो तर हे लोक उरलंसुरलंही मोडीत काढतील, आत राहून पुढच्या वर्षी बाहेरचा दिवस परत आणू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. शिवाय संघटनेच्या दाराशेजारच्या फळीवर सोनेरी अक्षरांत नाव होतं. जिन्यात लोक बाजूला होऊन वाट देत होते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना वाट देणारा तो एकच जिना राहिला होता.

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. बाहेरचा दिवस आला नाही. दर तीन महिन्यांनी सर्टिफिकेटांचा गठ्ठा मात्र घरी येऊ लागला, कारण सही शिक्षण समितीच्या प्रमुखांची लागायची.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीची मुलगी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली ती तिथेच रुळली. घरात सगळ्यांत लहान म्हणून तिला बारकी म्हणत. बारकीनं दुसऱ्याच तुकडीत तो अभ्यासक्रम केला आणि नव्वद टक्के मिळवले. त्या वेळचा गठ्ठा आला तेव्हा बाई जेवणाच्या टेबलावर सह्या करत होत्या आणि बारकी एकेक कागद पुढे सरकवत होती. मध्येच तिनं एक कागद वरती ठेवला.

"हे माझं. घाईत करू नकोस, मावशी. छान कर सही."

बाईंनी छान सही केली. त्या सर्टिफिकेटावर बारकीला नकाशे करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली.

तीन-साडेतीन वर्षं गेली. एके दिवशी बारकी दुपारी चार वाजताच घरी आली आणि बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन बसली. सकाळपासून बातमी सगळीकडे होतीच. शहराबाहेर नवीन बांधलेल्या सरकारी दवाखान्याचा मागचा अर्धा भाग भरदिवसा जमिनीत गेला होता. भिंत पडली नव्हती, जमीनच खचली होती. औषधं देणारा कंपाउंडर खाली गेला तो मेलेलाच वर काढला. दोन बायकांचे पाय मोडले होते.

"मावशी, तो तुकडा माझा होता," बारकी म्हणाली.

"कसला तुकडा?"

"बांधकामासाठी टणक जमीन कुठे आहे, त्याचा नकाशा आम्ही केला होता ना बांधकाम खात्यासाठी. ती जागा माझ्या वाट्याला होती. मी 'मोकळी, टणक' लिहिलं. चित्रात अगदी साफ दिसत होती गं. झाड नाही, झुडूप नाही. आजूबाजूपेक्षा रंग थोडा फिका होता, एवढंच."

"फिका का होता?"

बारकी वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई संघटनेत गेल्या. जुन्या फोटोंच्या कपाटाची किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. त्या भागाची तीस वर्षांपूर्वीची जोडी सापडायला तासभर लागला. खाली छापखाना चालू होता. त्यांनी टेबलाच्या पायांखाली वर्तमानपत्राच्या घड्या सारल्या, स्टिरिओस्कोप लावला आणि वाकल्या. डोळे जुळायला वेळ लागला. मग आजूबाजूची घरं वर आली आणि मधली जागा सरसर खाली गेली. दगडाची खाण. तिच्यात उतरणारा गाडीरस्ता, कडेला उभा एक ट्रक, सगळं दिसत होतं. पुढे कधीतरी ती खाण कचऱ्यानं आणि राडारोड्यानं बुजवली होती आणि वर माती पसरली होती. फिका रंग त्या मातीचा होता.

बाई तशाच रिक्षा करून जागेवर गेल्या. दवाखान्याभोवती दोरी बांधली होती. पुढचा अर्धा भाग शाबूत होता, दारावरची वेळेची पाटीसुद्धा सरळ होती. रस्त्यापलीकडे पंक्चर काढणाऱ्याचं दुकान होतं.

"तुम्ही किती वर्षं आहात इथं?" बाईंनी विचारलं.

"जन्म गेला."

"इथं खाण होती, माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? फाटके टायर आम्ही तिच्यातच टाकायचो की. अख्ख्या वस्तीला माहीत आहे. दवाखान्याचा पाया खणताना माझे दोन टायर वर आले, मी मजुरांना दाखवले. म्हणाले, आम्हाला नका दाखवू, नकाशा पास आहे." त्यानं हात पुसले. "कंपाउंडर रोज सकाळी हवा भरून जायचा सायकलीत. भला माणूस होता. त्या दिवशी मागच्या चाकात दोनदा भरली त्यानं."

"नकाशा करताना कुणी विचारायला आलं होतं?"

"आलं असतं तर चहा पाजला असता."

घरी आल्यावर बाई बारकीवर उखडल्या. दिवसभर दाबून धरलेलं बाहेर आलं.

"एकदा जागेवर जायचं नाही? रिक्षानं पाऊण तास लागतो! समोरच्या दुकानात विचारलं असतंस तरी कळलं असतं. जुना फोटो तरी काढून बघायचा!"

"जुना फोटो बघायचा असतो हे कुठल्या धड्यात होतं?" बारकीचा आवाज चढला. "जागेवर जायचं असतं हे कुठल्या प्रश्नात होतं? मी सगळे धडे तीन तीनदा वाचलेत, मावशी. मला दिवसाला साठ तुकडे वाचावे लागतात."

"माझ्या घरात राहतेस तू. तुला माहीत नव्हतं?"

"तू घरी कधी शिकवलंस? मी विचारलं की म्हणायचीस, वर्गात ये. आणि वर्ग तर तुम्हीच बंद केलात."

बाई खुर्चीवर बसल्या. बारकी आपल्या खोलीत गेली. त्या दिवशी जेवायला कुणीच उठलं नाही.

खात्यानं झाल्या प्रकारावर संघटनेचं तज्ज्ञ म्हणून मत मागवलं. पाच जणांची समिती नेमली गेली आणि अध्यक्षांनी तिच्यात बाईंचं नाव घातलं. बैठकीच्या आधी त्यानं त्यांना आपल्या कचेरीत बोलावलं. आता त्याची स्वतःची मोठी कंपनी होती, भिंती काचेच्या होत्या आणि कानावर पेन्सिल नव्हती. अहवाल टाइप करून तयार होता. दोन ओळींत निष्कर्ष होता. उपलब्ध उपग्रहचित्राची गुणवत्ता अपुरी असल्यामुळे बुजवलेली खाण ओळखणं शक्य नव्हतं.

"कुणाचंच नाव नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या भाचीचंही नाही. बाई, तुम्हाला समितीवर घेतलं ते यासाठीच. तुमच्या घरचं माणूस ते माझंच."

बाईंनी पिशवीतून छोटा स्टिरिओस्कोप काढला, फोटोंची जोडी त्याच्या टेबलावर मांडली आणि म्हणाल्या, "बघ."

तो वाकला. त्याच्या हातांची सवय गेली नव्हती. उजवा फोटो त्यानं केसभर सरकवला आणि लगेच स्थिर झाला. बराच वेळ बघत राहिला.

"खोल आहे," तो म्हणाला.

"किती?"

"पंधरा मीटर. जास्तच." मग तो सरळ झाला आणि त्याचा चेहरा बदलला. "पण हे तीस वर्षांपूर्वीचे फोटो आहेत. आपल्या अभ्यासक्रमात हे येत नाही."

"तेच मी म्हणतेय. चित्र अपुरं नव्हतं. आपण शिकवलेलं अपुरं होतं. लिही तसं."

"तसं लिहिलं की काय होईल? आतापर्यंत तीन हजार सर्टिफिकेटं गेलीत. सगळी रद्दी होतील. आणि प्रत्येकावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"आणि पहिली नोकरी कुणाची जाईल?"

बाईंनी फोटो गोळा केले. दारापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी हात वर केला नाहीत हे सगळ्यांना आठवतं, बाई. पण नंतर चार वर्षं हात चालवलातच ना?"

बाई दार लोटून बाहेर पडल्या.

बाईंनी समितीच्या अहवालावर सही केली नाही. दोन पानांची वेगळी टिपणी लिहिली आणि ती संघटनेकडे न देता सरळ खात्याला पाठवली. त्यात खाणीबद्दल लिहिलं, जुन्या फोटोंबद्दल लिहिलं आणि शेवटी असं लिहिलं: "माणूस जमिनीवर न जाता हे काम शिकू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही या सर्टिफिकेटांवर मी चार वर्षं सह्या केल्या. ती माणसं तयार झालेली नाहीत. चूक एकट्या नकाशा करणाऱ्याची नाही." टिपणी पाठवण्याआधी त्यांनी बारकीला विचारलं नाही. विचारलं तर ती रडेल आणि मग आपल्याच्यानं पाठवणं होणार नाही, अशी त्यांना भीती वाटली.

पुढे जे झालं ते बाईंनी धरलेल्या हिशेबात बसणारं नव्हतं. तीन हजार सर्टिफिकेटं रद्द करायची तर निम्म्या खात्यांची कामं बंद पडली असती. त्यामुळे खात्यानं संघटनेचा अहवाल स्वीकारला आणि बाईंच्या टिपणीपुढे "नोंद घेतली" असा शेरा मारला. कंपाउंडरच्या बायकोला पत्र गेलं की चित्राची गुणवत्ता अपुरी होती. बारकीच्या कंपनीला मात्र कुणाला तरी काढून दाखवायचं होतं. त्यांनी बारकीला बोलावलं आणि खात्याकडून आलेली टिपणीची प्रत पुढे ठेवली. संघटनेच्याच ज्येष्ठ सदस्यांनी तुमच्या सर्टिफिकेटावर शंका घेतली आहे, तेव्हा आमचा नाइलाज आहे, असं म्हणाले. तीन हजारांतून नोकरी गेली ती तिची एकटीची.

संघटनेनं बाईंना प्रकृतीच्या कारणास्तव शिक्षण समितीतून मुक्त केलं. बाईंनी प्रकृतीची तक्रार कधी केली नव्हती. अभ्यासक्रमाला अकरावा धडा जोडला गेला, "जमिनीवरची पडताळणी". बारा मिनिटांचा व्हिडिओ. त्यात अध्यक्ष स्वच्छ बूट घालून एका बागेतून चालत जातात आणि झाडांकडे बोट दाखवतात. परीक्षेत त्यावर दोन प्रश्न येऊ लागले.

बहिणीचा फोन आला. ती आधी रडली आणि मग तिचं रडणं थांबलं, ते जास्त वाईट होतं.

"ताई, तुला खरं बोलायचं होतं ना? मग स्वतःच्या जिवावर बोलायचं. माझ्या पोरीच्या कशाला?"

"मी माझंच नाव लिहिलंय गं त्यात. सगळा दोष माझ्यावर घेतलाय."

"घेतलास ना? मग तुझं काय गेलं? पेन्शन चालू आहे. नाव आहे. लोक म्हणतायत, बाई किती सच्च्या. माझी पोरगी घरात बसली."

बारकी पंधरा दिवसांनी गेली. तिला एका पार्सल पोचवणाऱ्या कंपनीत पत्ते तपासायचं काम मिळालं होतं आणि तिच्या मैत्रिणीची खोली तिथून जवळ होती. बाईंनी तिची पुस्तकं खोक्यात भरायला घेतली.

"राहू दे ती. ती नकोत मला," बारकी म्हणाली.

"तू रागावलीस ते बरोबर आहे. पण मी लिहिलं त्यात खोटं काय होतं, ते सांग."

"काहीच नाही." बारकी बॅगेची चेन ओढत होती, ती अडकत होती. "सगळं खरं होतं. मीही तेच सांगितलं असतं, तू विचारलं असतंस तर. आपण दोघी मिळून लिहिलं असतं. पण तू मला विचारलं नाहीस, मावशी. तूही लांबूनच बघितलंस."

चेन लागली. ती बॅग उचलून जिना उतरली. बाई खाली रिक्षापर्यंत गेल्या, पण तिनं बॅगेला हात लावू दिला नाही.

महिनाभरानं एका रविवारी सकाळी बाईंच्या दारात चार तरुण माणसं उभी राहिली. तिघे मुलगे, एक मुलगी. चौघांनी इंटरनेटवरून अभ्यासक्रम केला होता आणि टिपणीची गोष्ट त्यांच्या कानांवर आली होती.

"बाई, आम्हाला बाहेर न्याल का?" त्यांच्यातला थोराड मुलगा म्हणाला. "तुम्ही पूर्वी न्यायचात तसं. आम्ही येऊ, म्हणाल तेव्हा."

बाईंना भरून आलं. त्यांनी चौघांना आत घेतलं, खुर्च्या कमी पडल्या तेव्हा आतून स्टूल आणलं. कुठे जायचं ते त्या लगेच सांगायला लागल्या. नदीकाठ घेऊ, मग विटांच्या भट्ट्या, मग जुनी वस्ती. चार रविवार लागतील. फोटो मी देईन.

"आणि मग त्याचं सर्टिफिकेट?" दुसऱ्यानं विचारलं.

"मला आता ते देता येत नाही. मी शिक्षण समितीवर नाही."

"मग पत्र तरी? तुमच्या सहीचं?"

"सही नाही करणार मी," बाई म्हणाल्या. "कशावरच नाही."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. चहा झाला. थोराड मुलानं विचार करून कळवतो म्हणून सांगितलं, फोन नंबर लिहून घेतला, आणि तिघे उठले. मुलगी मागे रेंगाळली. बाईंना क्षणभर वाटलं की ही थांबेल. तिनं पायांत चपला सरकवल्या आणि अवघडून म्हणाली, "बाई, राग मानू नका. पण मला सुट्टी म्हणून रविवार एकच असतो. नुसतं शिकून काय करू मी?"

बाईंना तिचा राग आला नाही. तिला रस्ता ओलांडताना सांभाळून जायला सांगून त्या आत वळल्या आणि पाच कप विसळायला घेतले.